मागच्या बाकावरची ताई

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यावर तुमची पेटी घेऊन आज पहिल्यांदाच एका शाळेत गेले. सुगरणीचं घरटं, सापाची कात, सगळं तसंच आहे.

मी शिकत असताना तुम्ही हीच पेटी मुलींना दाखवायला आमच्या कॉन्व्हेंटमध्ये आलात, तेव्हा तुमच्या चिखलाने भरलेल्या चपलांची लाज वाटून मी मैत्रिणींना म्हटलं होतं, "कोण जाणे कोण आहेत!" ते तुम्ही ऐकलंत. तरी कात धरायला मलाच पुढे बोलावलंत, "मागच्या बाकावरच्या ताई, नाव काय तुमचं?" घरीही कधी विषय काढला नाहीत.

आज तीच कात हातात धरून एका चिमुरडीने विचारलं, "बाई, ही कोणी आणली?"

"माझ्या बाबांनी," मी म्हटलं. मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

तुमचीच,
ताई