आचलच्या अक्षतांचा तांदूळ

सिंदी (रेल्वे)
१८ ऑक्टोबर २०२४

ती. तानबादादास,
धाकट्या रुख्माचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं हो-हो करतोस आणि ऐकू काही येत नाही, म्हणून लिहिते. आमच्या आचलचं लग्न वैशाखात ठरलं. नातीचा हट्ट असा, की अक्षता आजीच्या माहेरच्याच तांदळाच्या हव्यात. ऐकून मला आनंद झाला आणि घामही फुटला. गेल्या वर्षी तू पाठवलेलं पोतं आठव. अर्धी कणीच निघाली. आम्ही ती गोड मानून खाल्ली, पण मोडक्या दाण्यांच्या अक्षता कशा होतील? अक्षत म्हणजे न मोडलेलं, हा अर्थ तूच मला सांगितला होतास.

यंदाही तसंच निघणार असेल तर स्पष्ट कळव. दुकानातून आणू, पोरीची समजूत मी काढीन. माझी कोण काढेल ते बघू.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी रुख्मा

अल्लीपूर
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रुख्माबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सूनबाईला वाचून दाखवलं, कणीचा टोमणा गाळून. रीताने ते मागून घेतलं, स्वतः वाचलं आणि पदराआड हसली. ती भंडाऱ्याकडची, धानाच्या मुलखातली. आपण पडलो कापसाची माणसं. नाल्याकाठच्या पाणथळ चिबडीत कापूस उभा राहीना म्हणून मी धान लावलं खरं, पण वाळवलं कापसासारखंच. डांबरी रस्त्यावर, भर उन्हात, जितकं कोरडं तितकं चांगलं म्हणून. रीता म्हणाली, "तांदूळ मिलमंधी नाई तुटत मामाजी, उन्हातच तडकते. मिलमंधी फक्त दिसते."

मग यंदा सगळं तिच्या हुकमाने. कापलेलं धान शेतात पडू दिलं नाही, लगेच मळलं. ताडपत्रीवर पातळ पसरायचं, ऊन तापलं की सावलीत ओढायचं, दव पडायच्या आत झाकायचं. मधूनमधून पायाने फिरवायचं काम माझं. म्हातारपणी तानबाजी नाचायला लागले, असं शेजारच्या जिजाबाईंनी गावभर केलं. शेवटी रीताने दाणा दाताखाली धरला, कट्ट वाजला, तेव्हा पुरे म्हणाली.

आता धान हवाबंद पिशव्यांत, फळीवर आहे. तांदूळ लग्नाच्या तोंडावरच काढायचा. मधे उघडून पाहायची मला मनाई आहे, म्हणून वरूनच हात फिरवतो. आत काय निघेल ते मिलच सांगेल. तोवर दुकानदाराला शब्द देऊ नकोस.

जावईबापूंना नमस्कार. आठवण ठेव.

तुझा तानबादादा

अल्लीपूर
८ एप्रिल २०२५

चि. सौ. रुख्माबाईस अनेक आशीर्वाद.

काल हिंगणघाटच्या मिलवर गेलतो. आत जायची हिंमत झाली नाही, बाहेर बाकावर बसून राह्यलो, निकालाला बसलेल्या पोरासारखा. रीता ओंजळ भरून बाहेर आली. मी चष्मा पुसला. कणी नव्हती असं नाही, पण शोधावी लागली. तिला म्हटलं, पोरी, तुझे उपकार आहेत. ती म्हणाली, "उपकार कायचे मामाजी, चाला, पोतं उचला."

पोतं नातू पियुषसोबत पाठवतो आहे. बाकी भेटीअंती.

तुझा तानबादादा

सिंदी (रेल्वे)
१४ एप्रिल २०२५

ती. तानबादादास,
रुख्माचा शि. सा. न. वि. वि.

पियुषने पोतं सुखरूप पोचवलं. तुझा नातू जेवून, आचलला चिडवून परत निघाला आहे. तांदूळ निवडायला बायका बोलावल्या होत्या. सुपं घेऊन बसल्या, पण सुपात काढायला फारसं काही सापडेना. मग त्यांनी गल्लीतली माणसंच निवडून काढली.

आचलने अक्षता कुंकवात स्वतः कालवल्या. दाणा न् दाणा निरखत होती. माझे डोळे भरले, ते तिला दिसू नये म्हणून चहा ठेवायला उठले. पहिली मूठ देवापुढे ठेवली. दुसरी या पाकिटात आहे.

लग्नाच्या आमंत्रणाची अक्षत घरातल्या मोठ्या माणसाच्या नावाने देतात, हे मला ठाऊक आहे. पण ही रीताच्या नावाची आहे. तिच्याच हातात दे. तुला सोबत आणायचं की नाही, ते तिला विचारून घेजो.

दोघांची वाट पाहते.

तुझी रुख्मा