बैलानंतर टेम्पो

मोरबी, गुजरात
२१ नोव्हेंबर २०२४

ताई,

जय भीम. तरी मी म्हणतो, माझा नंबर ब्लॉक करायचं काय कारण व्हतं? सख्खा भाऊ मी, लोन विकणारा न्हाई. वर म्हणे, "रत्नदीप, बोलायचं ते लिहून पाठव. हात दुखला की थांबशील." घे, लिहितो. शाळा पाचवीत सोडलेली, अक्षराला हसू नको. आईला आणि दाजींना जय भीम सांग. माझी तब्येत ठणठणीत. इतकी ठणठणीत कधीच नव्हती.

आणि बेल्ह्याच्या बाजारातल्या बैलाचा विषय आता बंद कर. सगळी वारूळवाडी हसती, मला ठाऊक आहे. बैलाचा सौदा उपरण्याखाली बोटं धरून करायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी त्या सोमाजी व्यापाऱ्याचं उपरणं भिरकावलं आणि भर बाजारात ओरडलो, "चाळीस हजार!" त्यानं तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "बरं, पंचेचाळीस!"

सोमाजी म्हणाला, "पावणं, मी अजून बोट धरलं न्हाई."

मी पन्नासवर गेलो. त्या दिवशी सगळं जग आपलं वाटत व्हतं, बैलासकट. गुंठाभर जमीन नसताना तो दाजींच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाला, शटरला बांधला, ही चूक मान्य. पण त्यानं एकाही गिऱ्हाइकाला शिंग लावलं न्हाई. सोमाजीनंच दया येऊन तो परत नेला.

पुढं दोन महिने मी गोधडीत तोंड घालून पडलो, ते कुणी हसून सांगत न्हाई. तू घास भरवायचीस. बैल घेतला तेव्हा गाव म्हणालं दिलदार, पडलो तेव्हा म्हणालं आळशी. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही एकाच आजाराची दोन टोकं, बायपोलर. दाजींना लगेच कळलं. "व्होल्टेज वाढलं की मोटर जळती, पडलं की उचलत न्हाई. गोळी म्हणजे स्टॅबिलायझर." मी काय पाच एचपीची मोटर आहे का, म्हणून भांडलो व्हतो.

आता खरी बातमी. मी टेम्पो घेतोय! इथून टाइल्स जुन्नरला, तिकडून नारायणगावचा टोमॅटो इकडं. रविवारी इसार द्यायचा. थोडे कमी पडतात, ते तू घाल. टाइल्सच्या कारखान्यातला सुपरवायझर लई खूश आहे, मी दोन माणसांचं पॅकिंग एकटा करतो. झोपण्यात वेळ घालवत न्हाई.

हे मी मोठ्यानं वाचत लिहीत व्हतो. माझ्या खोलीत सावळेराम राहतो, आपल्या आंबेगावच्या डोंगरातला, गार भातासारखा शांत. तो म्हणाला, "राव, गाडी चालवता येती का तुला?"

"शिकंल की."

"आन् गुजरातेत टोमॅटो पिकत न्हाई व्हय?"

मी लई चिडलो. म्हणालो, तू माझ्या प्रगतीवर जळतोस. तो उठला, माझ्या पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली आणि पुढ्यात ठेवली.

ताई, सगळी भरलेली. दिवाळीपासून एकही घेतली न्हाई. गोळीनं हात थरथरायचा, टाइल फुटायची, पगार कापायचे. आणि खरं सांगू? बंद केल्यावर फार छान वाटायला लागलं. आत्ताही वाटतंय. हीच तर पंचाईत. दुखलं असतं तर गोळी कुणीही घेतली असती. बेल्ह्यालाही मला असंच छान वाटत व्हतं.

सावळेराम या पत्राचा फोटो काढून दाजींच्या मोबाइलवर टाकतोय. डॉक्टरांना लगेच फोन लाव. सुटलेल्या गोळ्या कशा सुरू करायच्या, हाताचं काय करायचं, ते विचार आणि सावळेरामलाच कळव. मला सांगितलंस तर मी वाद घालंल.

टेम्पोचे पैसे तुझ्या खात्यात टाकतोय. उद्या मी गोड बोलंल, रडंल, आईची शपथ घालंल, परत पाठव म्हणंल. पाठवू नको. मी बरा झालो हे मी सांगितलं तर खरं धरू नको, डॉक्टरांनी सांगितलं तर धर.

तुझा, सध्या जरा जास्तच आनंदात असलेला भाऊ,
रत्नदीप

रुपये अठ्ठावीस हजार सहाशे. सगळे.