वहीतलं पहिलं नाव

४ मार्च
ती. दादास,
प्रभूमध्ये सलाम, वि. वि.
वहिनीचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. इकडे गायकांचे बारा झगे शिवून दिले. अपघातानं मला चाकाच्या खुर्चीत बसवलं, हात काही बसले नाहीत. तरी चर्चमध्ये दर रविवारी प्रार्थनेसाठी वाचतात त्या आजाऱ्यांच्या वहीतलं पहिलं नाव माझंच. अकरा वर्षांत मला साधी सर्दी झाली नाही! पूर्वी राग यायचा, आता काहीच वाटत नाही.
एकदा पुढे जाऊन शास्त्रवाचन करायचंय. पण व्यासपीठाला तीन पायऱ्या. मंडळी म्हणतात, चौघे मिळून उचलतो. चौघांनी उचलायची माझी वेळ अजून आलेली नाही. तू सुतार आहेस, काही सुचव. नाहीतर मी आपली रविवारी घरीच बरी.
लोभ आहे तसाच राहो.
तुझी,
ठमी

१२ मार्च
चि. ठमीस,
अ. आ.
घरी बसलीस तर लोक खरंच आजारी समजून डबे घेऊन येतील. त्यापेक्षा पायऱ्या टेपनं मोजून कळव, अंदाजपंचे नको. लाकडी उतार करून पाठवतो.
एक सांगायचं राहिलं. वहीत तुझं नाव मीच लिहिलं होतं, तू दवाखान्यात होतीस तेव्हा. पुढे गाव सुटलं आणि ते तसंच राहिलं. माझं चुकलं. पाळकबाईंना खोडायला सांग.
आठवण ठेव.
तुझा,
दादा

८ एप्रिल
ती. दादास,
प्रभूमध्ये सलाम, वि. वि.
उतार चपखल बसला. रविवारी माझी मी चढले, वाचलं, एकदाही अडखळले नाही. मग पाळकबाईंनी वहीही माझ्याच हातात दिली. नाव खोडा, असं मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, इथला रिवाज आहे, माणूस बरं झालं की ज्यानं लिहिलं त्यानंच खोडायचं.
पहिलं नाव वगळता आलं असतं. सवयीनं वाचून गेले. सगळे डोळे मिटून म्हणाले, प्रभू, हिला बरं कर. एकानंही मान वर केली नाही. मी पान उलटून दुसरं नाव वाचलं.
घरी आल्यावर रडू येईल वाटलं होतं. आलं नाही. बाईंना विचारून ते पान काढून आणलंय, सोबत आहे. खालची सगळी नावं खोडलेली, कुणी बरं झालं, कुणी गेलं. माझं तेवढं शिल्लक, तुझ्या अक्षरात. मी चालेन अशी आशा तुला अजून असेल तर हात उठणार नाही, ठाऊक आहे मला. तरी खोड, दादा. मी बरी आहे.
वहिनीला सलाम. माया असू दे.
तुझी,
ठमी