आईनं वर केलेला हात

गुरुवार, संध्याकाळ

ऑफिसात फोन गेटवरच जमा होतो, म्हणून अक्कलकोटच्या मठातली दुपारची आरती मी ऑफिसच्या लॅपटॉपवर लाइव्ह बघायचो. आई दर गुरुवारी तिथं कॅमेऱ्याकडे बघून हात वर करते. माझ्यासाठी. मग ऑफिसनं मठाची ती साइट ब्लॉक केली. शेजारच्या टेबलावरच्या सुनीलनं ब्लॉक चुकवणारं व्हीपीएन टाकून उघडून दिली होती. आज तेही बंद. चिडलो, पण सांगणार कुणाला?

घरी येऊन आईला फोन लावला. तिनं 'दिसले का' विचारायच्या आतच म्हणालो, "आज दिसलीस की. हात केलास."

ती म्हणाली, "आज गुडघा लई दुखत हुता रं. गेलेच न्हाय." आणि लगेच, "जेवलास का?"

का बोललो मी? इतके गुरुवार तो हात खरंच बघितला, हे आता तिला कसं पटणार?