सोयराचे उरलेले दोन दिवस

नाशिक,
१२ फेब्रुवारी १९३४

प्रिय यादव,

मुलगी झाली! आधी तुला, एडिथला आणि त्या चिमुरडीला पोटभर आशीर्वाद, मग बाकीचं. मी चार दिवसांसाठी मनमाडहून माहेरी आले आणि शनिवारी सकाळी नेमकं तुझं पत्र आलं. सावळीराम पोस्टमन ते विमानाचं पाकीट गल्लीभर मिरवत आला, त्यामुळे लपवायची सोयच राहिली नाही. तू तिकडे परस्पर लग्न केलंस तेव्हापासून तीन वर्षं आई आणि मी तुझी पत्रं अण्णांच्या चोरून वाचत होतो. या खेपेला पाकीट सरळ त्यांच्याच हातात पडलं.

त्यांनी ते न फोडता माझ्या पुढ्यात टाकलं. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते, आणि मोठ्याने वाचलं. शुक्रवारी जन्म, शनिवारच्या विमानाने पत्र, आणि याचंही उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहिणार नाही, हे तुझं शेवटचं वाक्यसुद्धा. आईने डोळ्यांना पदर लावला. अण्णांनी उठून शाळेचा जुना नकाशा काढला आणि लंडनपासून कराचीपर्यंत दोरा धरला. मास्तर ते मास्तरच! पाच हजार मैल, म्हणाले. विमानाला सहा दिवस, कराचीहून दुसऱ्या विमानाने मुंबई, पुढे रात्रीची गाडी. बोटीने सतरा-अठरा दिवस लागले असते. मग बोटं मोजली आणि आईला सांगितलं, आज नववा दिवस, सोयराचे दोन दिवस उरलेत, मी देवांना शिवणार नाही.

अरे, मला हुंदकाच आला. पत्र बोटीने येतं तर जन्माचे दहा दिवस केव्हाच उलटले असते, सोयर पाळायचा प्रश्नच नव्हता. तापातही पूजा न चुकवणारा माणूस दोन दिवस ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपणहून सांगत होता, नात झाली, घरात सोयर आहे! परक्याच्या मुलीचं सोयर कोण पाळतं? पूजा मला करायला लावली. तू दिल्या घरची, तुला सोयर नाही, म्हणाले. बघ बाबा, तुझी मडम घरची आणि मी परकी! पण इतक्या आनंदाने मी कधी फुलं वाहिली नव्हती.

आज सोयर फिटलं. आई गल्लीत साखर वाटून आली. आता हे पत्र कशाला ते सांगते. तीन वर्षं उत्तर नव्हतं, कारण आम्हा दोघींना इंग्रजी पत्ता लिहिता येत नाही, आणि दुसऱ्याकडून लिहून घेतला असता तर अण्णांच्या कानावर गेलं असतं. अण्णा स्वतः पत्र लिहायचे नाहीत, तुझ्याइतकेच हट्टी. पण जेवताना विचारत होते, तान्ह्या पोरीला विमानात घेतात का, की बोटच बरी. तिघंही या. आणि पाकीट फेकलं असशील तर टोपलीतून काढून बघ. पत्ता त्यांनी लिहिलाय.

तुझीच,
भागीताई