सतरावा नियम

प्रिय ताई,

फोनवर तीन-चारदा लिहायला घेतलं आणि पुसलं, म्हणून शेवटी कागद काढला. अक्षराला हसू नकोस, हल्ली सहीपलीकडे हाताने काही लिहिणं होत नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे हिने तुला कळवलंच आहे. आता आईला आमच्या घरातली सगळी धूळ दिसायला लागली आहे, एवढीच काय ती नवी अडचण.

मागच्या आठवड्यात मी त्या संमेलनाला जाऊन आलो. आपला प्रोग्रॅम कुलपात न ठेवता कुणीही उघडून वाचावा, दुरुस्त करावा, फुकट वापरावा म्हणून जगापुढे ठेवणारी जी माणसं असतात, त्यांचं संमेलन. एका कॉलेजच्या इमारतीत दोन दिवस. गळ्यात ओळखपत्रं, लॅपटॉपवर जागा मिळेल तिथे स्टिकर, आणि कॉफीच्या रांगेत हातघाईवर आलेले वाद. वाद कशावर, तर तारीख लिहिताना महिना आधी की दिवस. तू असतीस तर दहा मिनिटांत सगळ्यांना कामाला लावलं असतंस. पण मला तिथे फार बरं वाटलं. एक निवृत्त पोस्टमन भेटले. सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या एका नकाशात ते रोज सकाळी तासभर बसून चुकलेले घरनंबर दुरुस्त करतात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. दुरुस्तीखाली त्यांचं नाव येतं, ते त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला की मीच नजर वळवली.

मला बोलायला बोलावलं होतं ते नर्सच्या ड्यूट्या लावायच्या आपल्या प्रोग्रॅमबद्दल. इथे 'आपल्या' लिहिलं खरं, स्टेजवर मात्र 'माझ्या' म्हणालो.

अकरा वर्षं झाली. तू तेव्हा नुकतीच वॉर्डाची इन्चार्ज झाली होतीस आणि दर महिन्याला आखीव कागद, पेन्सिल, खोडरबर घेऊन डोकं धरून बसायचीस. हे मशीन मिनिटात करेल, अशी मी फुशारकी मारली. मग करून दाखव, म्हणालीस. आठवडाभर ड्यूटी संपली की तशीच माझ्याकडे यायचीस, खुर्चीत पाय वर घेऊन बसायचीस आणि एकेक नियम सांगायचीस. मी टाइप करायचो. रात्रपाळी करून सकाळी घरी गेलेल्या दिवसाला सुट्टी म्हणायचं नाही. दोन नव्या मुलींना एका पाळीत एकटं ठेवायचं नाही. असे एकवीस नियम झाले. आज चाळीसेक हॉस्पिटलं तो प्रोग्रॅम वापरतात. त्यात हातभार लावणाऱ्यांची यादी आहे, तिच्यात नुसत्या स्पेलिंगच्या चुका काढणाऱ्यांचीसुद्धा नावं आहेत. तुझं नाही.

माझं बोलणं संपल्यावर मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. लांबच्या एका हॉस्पिटलात मेट्रन आहेत, आपला प्रोग्रॅम चार वर्षं वापरतात. त्यांनी सतरावा नियम वाचून दाखवला: वॉर्डात मूल दगावलं, तर त्या पाळीतल्या नर्सला दुसऱ्या दिवशी तिथे लावण्याआधी तिला विचारावं. आमच्याकडे आधी कुणी विचारत नव्हतं, त्या म्हणाल्या. या नियमामुळे विचारायला लागलो. हे कुणाला सुचलं?

ताई, मी म्हणालो, "माझंच निरीक्षण."

टाळ्या पडल्या. मी मान लववून घेतल्यासुद्धा.

नंतर कॉफीच्या टेबलाशी त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आवाजात राग नव्हता. "निरीक्षणातून हे येत नाही," एवढंच म्हणाल्या. "हे कुणीतरी स्वतः सोसलेलं असतं." मी साखर ढवळत राहिलो. थोडी वाट पाहून त्या निघून गेल्या.

परतीच्या गाडीत मला ती संध्याकाळ आठवली. सोळावा नियम सांगून तू मधेच थांबलीस. कागदावरचा एक चौकोन पेन्सिलीने गिरवत राहिलीस, पार काळा होईपर्यंत. मग वर न बघता हा नियम सांगितलास. मी तो टाइप केला आणि पुढचा विचारला. तूही सांगितलास, थेट एकविसाव्यापर्यंत. त्यानंतर महिनाभर तू आमच्याकडे आली नाहीस. ताईला आता फुकटचा कारकून मिळाला, तिला आपली गरज संपली, असं मी हसत हसत हिला सांगितलं होतं. ही हसली नव्हती, तेही आता आठवतंय.

काल मी प्रोग्रॅमवर काम करणाऱ्या सगळ्यांसाठी एक निवेदन लिहिलं, आणि मेट्रनबाईंना वेगळं पत्र. एकवीसही नियम माझे नाहीत, वॉर्डात उभं राहून काम केलेल्या एका नर्सचे आहेत आणि स्टेजवर मी खोटं बोललो, असं दोन्हींत स्वच्छ लिहिलं आहे. दोन्ही सोमवारी जातील. तुझं नाव घातलेलं नाही, कारण ते मी परस्पर घालायचं नाही, एवढं तरी आता कळतं. यादीत सगळ्यात वर एक ओळ मोकळी ठेवली आहे. ती भरायची की तशीच ठेवायची, ते तू ठरव.

पण एवढं सांगायला फोन पुरला असता. हे पत्र लिहिलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तिला विचारावं, असा नियम तू मला सांगितलास, मी तो चाळीस हॉस्पिटलांना दिला, आणि तुला मात्र कधी विचारलं नाही. ते मूल कोण होतं, ताई? दुसऱ्या दिवशी तुला त्याच वॉर्डात उभं राहावं लागलं का? रविवारी सकाळी मी एकटाच तुझ्याकडे येतोय, लॅपटॉप न घेता. सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं, तर मी नुसता बसेन.

उशिरा का होईना, तुझाच
धाकटा