लंडनमधला आगीचा मनोरा

तोकुजीदादास, ओशिनोचा नमस्कार.

मी पाठवलेल्या आपल्या लंडनच्या छापील चित्रातला, आगीवर नजर ठेवून घंटा बडवायचा मनोरा लंडनमध्ये कुठेच नाही, तिथली माणसं चित्र बघून पोट धरधरून हसली, असं तू लिहिलंस. इथे एडो शहरात मात्र ते हातोहात खपतंय हो!

खरं सांगू? चित्रकाराने मनोरा काढलाच नव्हता. त्याचा कागद कोरण्यासाठी छपाईच्या लाकडी फळीवर चिकटवल्यावर बाबांनी तो आपल्या मनाने काढला आणि कोरलासुद्धा. चित्रकार भडकला, "लंडन पाहिलंय का तुम्ही?"

"तुम्ही तरी कुठे पाहिलंय?" बाबा म्हणाले.

तू न सांगता लंडनच्या जहाजावर चढलास तेव्हापासून बाबा तुझं नावही काढत नाहीत. पण काल मी तुझं पत्र वाचून दाखवलं, तेव्हा त्यांचा हात थांबला.

"मनोरा नाही? मग आग लागली तर त्याला उठवणार कोण? कानाशी घंटा बडवली तरी कूस बदलत नाही तो!"

हे तुला कळवायचं नाही, अशी मला ताकीद आहे. म्हणून हे पत्र माझ्या पेटीतच राहील.

आता पॅरिसचं चित्र कोरायला आलंय. पुढे तू तिकडे जाणार, हे तुझ्या पत्रात होतंच. बाबांनी त्यात दोन मनोरे घातलेत.

तुझी चहाडखोर बहीण,
ओशिनो